पाहुण्याचं रक्त

पाहुणा आला तो पाण्याच्या पिंपातून, वर ओलं गोणपाट पांघरून आणि वाटभर शेपटी आपटत. टेम्पो बांधाच्या तोंडाशी थांबला. पुढच्या सीटवरून तात्या उतरले. त्यांनी आधी गोणपाट उचलून पिंपात डोकावून पाहिलं आणि मग या घरची सून झालेल्या आपल्या लेकीकडे पाहिलं.

"बरा आहे," ते म्हणाले.

"मीही बरी आहे, तात्या," सून म्हणाली.

"ते दिसतंयच की."

मासे वर्षानुवर्षं एकाच तळ्यात, एकाच कुळात वाढले की पिलं कुबडी निघायला लागतात, त्यांची वाढ खुंटते. म्हणून दर हंगामाच्या तोंडावर तात्यांच्या तळ्यातला एक दणकट नर इथे यायचा, इथल्या माद्यांबरोबर राहायचा, आणि पिलं सुटली की परत आपल्या घरी जायचा. त्याला सगळे पाहुणा म्हणायचे. बदल्यात तात्यांकडे पिंपभर बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिलं, जायची. ही ये-जा लग्नाच्याही आधीची. आधी मासा आला आणि मग त्याच टेम्पोतून स्थळ आलं, असं सुनेचा नवरा चारचौघांत सांगायचा आणि पाठीत गुद्दा खायचा.

या नवऱ्याला सगळे होयबा म्हणत. आईलाही होय, बायकोलाही होय, आणि दोघी समोरासमोर उभ्या ठाकल्या की हा जाळं धुवायला निघून जायचा. माणूस अंगानं धिप्पाड आणि कामाला वाघ होता, पण त्याला एक मासा दुसऱ्यापासून ओळखता यायचा नाही. ते खातं त्याच्या आईचं, म्हातारीचं. जोडीचे मासे निवडायचे, कुणाला कुठल्या तळ्यात ठेवायचं, कुणाला किती पेंड घालायची, हे सगळं तीच बघायची. होयबा जाळं ओढायचा आणि सून पिलांचे हौद सांभाळायची.

पाहुण्याला घरामागच्या रिकाम्या हौदात सोडलं. यंदा नियमच तसा होता. बाहेरून आलेला मासा आधी वेगळा ठेवायचा, सगळ्यांच्या रक्ताची तपासणी व्हायची आणि मगच बीज, म्हणजे माशांची पिलं, विकायची परवानगी. खालच्या अंगाची बरीच तळी गेल्या उन्हाळ्यात रोगानं ओस पडली होती.

म्हातारी गुडघे धरत हौदाशी आली आणि वाकली. पाहुणा तळाशी जाऊन टेकला होता. मग तो सावकाश वर आला आणि तिच्या बोटांपाशी तोंड उघडून थांबला. त्याच्या उजव्या बाजूची मिशी अर्ध्यातच तुटलेली होती. म्हातारी चटकन सरळ झाली आणि कंबर धरून म्हणाली, "मेलं, ऊनच किती आहे."

इथे एक गोष्ट सांगून टाकलेली बरी, कारण म्हातारी आपणहोऊन सांगेल याची खात्री नाही. हा मासा पाहुणा नव्हताच. तो याच घरचा होता. गेल्या वर्षी हंगाम संपला तेव्हा तात्यांचा नर परत पाठवायची वेळ आली आणि म्हातारीचं मन होईना. काय मासा होता! पाठीवर सोनेरी झाक, छाती कशी भरलेली, पाण्यात वळला की तळं वळल्यासारखं वाटायचं. म्हातारीनं मनातल्या मनात त्याचं नाव राजा ठेवून टाकलं. होयबानं झोळी धरली, विचारलं, "आई, हाच ना?" आणि म्हातारी म्हणाली, "हाच." झोळीत मात्र आपला जुना नर होता. होयबा "होय" म्हणाला आणि मासा टेम्पोत चढवून आला. राजा इथेच राहिला.

म्हातारी काही चोर नव्हती. आयुष्यात तिनं कुणाच्या बांधावरची काडी उचलली नव्हती. पण चांगल्या माशापुढे तिचं काही चालत नसे.

तात्या बांधावर उभे राहून मोठ्या तळ्याकडे बघत होते. हात मागे, एकात एक घट्ट अडकवलेले.

"खाली उतरा की, व्याही. जवळून बघा मासे," म्हातारी म्हणाली.

"नको, विहीणबाई. इथूनच छान दिसतंय."

ते गेल्यावर म्हातारी सुनेला म्हणाली, "तुझ्या बापाला हल्ली ताठा आलाय गं. गेल्या वर्षापासून बघतेय, तळ्यावर आले की हात मागे बांधून उभे राहतात. साहेबच जसा."

"पाठ दुखत असेल," सून म्हणाली.

---

रक्त घ्यायला मत्स्य खात्याच्या डॉक्टरबाई सकाळीच आल्या, ऊन चढायच्या आत. तरुण, सडपातळ, डोक्यावर मोठी टोपी. बरोबर बर्फाची पेटी, सुया, छोट्या नळ्या आणि माशांना भूल द्यायचं औषध. होयबानं छातीभर पाण्यात जाळं ओढायला सुरुवात केली, दुसऱ्या काठानं सून. चिखलात पाय रुतत होते. जाळं जसजसं आवळत आलं तसं पाणी उकळल्यासारखं झालं, एका मादीनं उडी मारून होयबाच्या जबड्यावर शेपटीची अशी चपराक दिली की तो तिथेच बसला.

"लागलं का?" सुनेनं विचारलं.

"होय."

"मग उठा."

"होय."

एकेक मासा झोळीत घ्यायचा, भुलीच्या पाण्यात सोडायचा, तो कलंडला की ओल्या फडक्यावर आडवा ठेवायचा. डॉक्टरबाई शेपटीच्या मुळाशी खालून सुई घालायच्या, कण्याला टेकली की जराशी मागे घ्यायच्या आणि नळीत काळपट लाल रक्त चढायचं. मग पराला नंबराची बारीक चकती टोचायची आणि मासा ताज्या पाण्यात. तो शुद्धीवर येईपर्यंत म्हातारी त्याला दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवत राहायची, म्हणजे कल्ल्यांतून पाणी जातं. पाण्यानं तिचे हात सुरकुतले होते, पण ती कुणाला हात लावू देत नव्हती.

"आजारी मासा ओळखायला रक्त कशाला, बाई?" ती म्हणाली. "डोळ्यांनी दिसतो की."

"आजारी नाही शोधत, आजी. आजारातून उठलेला शोधतेय."

म्हातारीचे हात थांबले. मासा कलंडायला लागला तशी ती पुन्हा हलवायला लागली.

"या रोगाचा विषाणू अंगात शिरला की शरीर त्याच्याशी लढायला अँटिबॉडी तयार करतं," डॉक्टरबाई नळीला बूच लावत म्हणाल्या. "मासा बरा झाला, पोहायला लागला, तरी त्या रक्तात राहतात. वर्षानुवर्षं. तुमच्या दंडावर टोचल्याचा व्रण आहे बघा, तशीच ती खूण. फक्त आतली."

"पण जो वाचला तो वाचला ना? त्यानं काय कुणाचं घोडं मारलंय?"

"त्याचा काहीच दोष नाही. पण या रोगाची खोडच वाईट. मासा बरा होतो आणि विषाणू आत दडून बसतो. मग कधीतरी पाणी तापतं, माशाला धक्का बसतो, की हा बाहेर पडतो. वाचलेला पुन्हा वाचतो. शेजारचे मरतात."

राजाचं रक्त घेतलं. माद्यांचं घेतलं. शेवटी हौदातल्या पाहुण्याचं घेतलं. सुई टोचताना म्हातारीनं मान फिरवली. सून हसून म्हणाली, "आत्या, माझ्या माहेरच्याची तुम्हाला एवढी माया?"

म्हातारीनं पाहुण्याला उचलून ताज्या पाण्यात धरलं.

---

निकाल सांगायला डॉक्टरबाई स्वतः स्कूटरवरून आल्या. सून दारात पिलांच्या जाळ्या धूत होती.

"तुमचे सगळे मासे स्वच्छ आहेत," त्या म्हणाल्या. "एक सोडून. हौदातला पाहुणा. त्याच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या, आणि भरपूर."

"इथे येऊन लागला असेल त्याला रोग," होयबा म्हणाला. आयुष्यात प्रथमच तो कुणाला होय सोडून काही म्हणाला असेल.

"नाही ना. अँटिबॉडी तयार व्हायला काही आठवडे जावे लागतात. हा तर परवा आलाय. म्हणजे लागण आधीची आहे. जिथून आला तिथली."

सुनेच्या हातातून जाळी पाण्यात पडली. "म्हणजे माझ्या तात्यांच्या तळ्यातली?"

"तसं दिसतंय. मी उद्या तिकडे जाऊन सगळ्यांचं रक्त घेते. निकाल येईपर्यंत कुणी घाईनं काही करू नका. तिथेही सांगते मी."

म्हातारीनं तोंड उघडलं. सगळ्यांना वाटलं, आता ही काहीतरी बोलणार. ती म्हणाली, "चहा घेणार का?"

चहा झाला. डॉक्टरबाई गेल्या.

म्हातारीला सगळं लख्ख आठवत होतं. सून या घरात यायच्या आधीची गोष्ट. त्या उन्हाळ्यात तिचे मालक अंथरुणाला खिळलेले आणि तळ्यातले मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडं उघडत होते. कल्ले पांढुरके, अंगावरचे खवले सुटलेले. मग एका आठवड्यात सगळं तळं पांढऱ्या पोटांनी भरलं. पाणी खराब झालं, म्हातारीनं सगळ्यांना सांगितलं होतं, आणि तेव्हा तिला स्वतःलाही तसंच वाटलं होतं. निदान तसं वाटून घेणं सोयीचं होतं. मासे पुरले, तळं आटवलं, चुना टाकला. फक्त एक नर मरेना. मालक त्याला हातानं खायला घालायचे, अर्ध्या म्हणायचे, मिशी अर्धी म्हणून. तिनं त्याला धुण्याच्या टाकीत ठेवला, विहिरीचं गार पाणी घालत राहिली, आणि तो उठला. मालक उठले नाहीत. नवे मासे आणून तळं पुन्हा उभं केलं तेव्हा अर्ध्यालाही त्यात सोडलं. पुढे त्याला पाहिलं की तिला मालकांची खोली आठवायची. तात्या माशांना लेकरांसारखं जपतात, तिकडे सुखात राहील, असाही एक विचार गेल्या वर्षी झोळी धरताना मनात होता. राजाचा मोह होताच. दोन्ही एकदम साधलं होतं.

आता ते सगळं सुनेच्या माहेरावर शेकत होतं.

बातमी एव्हाना गावभर झाली होती. पेंडीच्या दुकानात सून गेली तर दुकानदारानं तिला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. "वाईट वाटून घेऊ नका, ताई, पण चपला..." म्हणत त्यानं आतून चुन्याची पिशवी आणली आणि तिच्या पायांवर, चपलांवर, लुगड्याच्या काठावर चुना भुरभुरला. मागे उभी असलेली दोन गिऱ्हाइकं एक पाऊल सरकली. तिनं पेंडीचं पोतं उंबऱ्यावरून ओढून घेतलं. घरी आली तेव्हा तिचे पाय पांढरे होते. तिनं कुणाला काही सांगितलं नाही, मोरीत बसून पाय धुतले. सांगितलं ते बाजारात ऐकून आलेल्या होयबानं, हळूच, आईच्या कानात.

त्या दिवशी जेवताना म्हातारीनं सुनेच्या ताटात भाजी वाढली. मग पुन्हा वाढली.

"आत्या, पुरे."

"खा गं. कष्ट करतेस."

"एवढी माया कशाला? माझ्या माहेरचा रोग तुमच्या दारात आला म्हणून का?" आणि मग आवाज जरा खाली करून, "रागावू नका. पण माझ्या तात्यांनी आयुष्यात आजारी मासा कधी लपवला नाही. एक पिलू मेलं तरी सगळ्यांना सांगत सुटतात. त्यांनी मुद्दाम दिला नसणार."

"मुद्दाम नसणारच," म्हातारी म्हणाली आणि तिनं पुन्हा भाजीचा डाव उचलला.

रोज सकाळी उठून म्हातारी ठरवायची, आज सांगायचं. जाळ्यांचं विणकाम घेऊन सुनेशेजारी बसायची, गाठ मारायची, उसवायची. सांगायला गेली की दोन गोष्टी एकदम सांगाव्या लागत होत्या. एक, मी तुझ्या बापाचा मासा ढापला. दुसरी, मी रोग लपवला. एकीला तोंड फुटलं तर दुसरी आपोआप मागून येणार. शिवाय रोग इथला ठरला की यंदाचं आपलं बीज कुणी घेणार नाही. होयबा रात्रंदिवस तळ्यात उभा राहून मरतो, त्याचा हंगाम जाणार. म्हातारी पुन्हा गाठ मारायची.

मग तात्यांचा फोन आला. सून बोलून आली ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"तात्या उद्या तळं सोडून देणार आहेत. मासे मारणार, पाणी काढणार, चुना टाकणार."

"अगं, पण निकाल कुठं आलाय त्यांचा?" म्हातारी उठून उभीच राहिली. "बाईंनी थांबायला सांगितलंय ना?"

"ते थांबत नाहीत. म्हणाले, निकालाची वाट बघेपर्यंत लोक तुला बोलत राहतील. तुझ्या सासरी कुणी एक शब्द काढायच्या आत मीच साफ करून टाकतो. पुन्हा भरेन म्हणाले. या वयात कधी भरणार?" तिचा आवाज फुटला. "मी पहाटे जातेय तिकडे. थांबवते, नाहीतर निदान हाताखाली तरी उभी राहते."

म्हातारी परत बसली. तिच्या डोळ्यांपुढे ते तळं आलं. तात्यांची बायको गेल्यापासून त्यांना त्या तळ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

---

सकाळी सून गेली होती. म्हातारीनं होयबाला हलवून उठवलं. "गाडी काढ."

"कुठं?"

"व्याह्यांकडे. आणि वाटेत मला काही विचारू नकोस."

"होय."

मोटरसायकलच्या मागच्या सीटवर म्हातारीचे गुडघे प्रत्येक खड्ड्याला किंचाळत होते, ती मात्र गप्प होती. पोचली तेव्हा उशीर झाला होता असंच तिला वाटलं. तात्या तळ्याचं पाणी सोडायच्या मोरीत मांडीपर्यंत उतरून दाराच्या फळ्या उपसत होते. वरच्या फळ्या निघून बाजूला पडल्या होत्या आणि पाणी गढूळ होऊन चराकडे धावत होतं. तळ्याचा काठ हातभर उघडा पडला होता, ओल्या चिखलाचा पट्टा चकाकत होता. सून बांधावर उभी राहून बापाशी भांडत होती आणि बाप ऐकत नव्हता.

"व्याही, थांबा!" म्हातारी ओरडली.

तात्यांनी वर पाहिलं. हात थांबला नाही.

"थांबा म्हणते ना! तो मासा तुमचा नाही!" ती बांध उतरताना घसरली, बसली, आणि बसूनच उरलेला उतार सरकत खाली आली. "तो आमचा आहे. गेल्या वर्षी मी बदलला. तुमचा ठेवून घेतला, आमचा दिला. माझीच बुद्धी फिरली."

होयबा वर तसाच उभा होता, तोंड उघडं.

तात्यांनी हातातली फळी चिखलात रोवली. "मला माहीत आहे, विहीणबाई."

"काय माहीत आहे?"

"मासा आला त्याच दिवशी कळलं. आपलं जनावर ओळखू येत नाही होय?"

"मग बोलला का नाही?" म्हातारीचा आवाज चिरका झाला. "वर्षभर? आणि आता, एवढं सगळं झाल्यावर? एक शब्द टाकला असता की हा मासा तुमचाच आहे, तर..."

"तर काय?" तात्या म्हणाले. "माझी पोर तुमच्या घरात राहते. माशावरून तिच्या सासूला चोर म्हणू? तुम्ही सुखानं ठेवलंय तिला. एक मासा गेला तर गेला. आणि तुमचा होता तो मीही सांभाळला. वाईट केलं नाही त्याचं. रोग मात्र त्याला वर्षभरात माझ्याकडेच लागला असणार, म्हणून..."

"नाही लागला!" म्हातारीनं चिखलावर हात आपटला. "ते सांगायलाच आलेय. त्याला रोग माझ्याकडे झाला. मालक गेले त्या उन्हाळ्यात. सगळं तळं मेलं, हा एकटा उठला. मी सगळ्यांना सांगितलं, पाणी खराब होतं. हे तुमचं नाहीच. ती रक्तातली खूण माझ्या घरची आहे. घाला त्या फळ्या परत!"

आता बोलली ती सून, आणि तिनं कुणालाच सोडलं नाही.

"वा," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात जाळ. "आत्या, मी त्या दुकानाबाहेर चुन्यानं पाय माखून उभी होते. तुम्हाला माहीत होतं. भाजी वाढत होता मला. आणि तात्या, तुम्ही! माझ्यासाठी गप्प बसलात, माझ्यासाठी तळं मारायला निघालात. मला विचारलंत? मला हवं होतं का असं काही? तुम्हा दोघांची माया म्हणजे माझ्या गळ्याला फास नुसता!"

दोघा म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. चूक झाल्यावर वर्गात उभी केलेली पोरं बरी, अशी त्यांची अवस्था होती.

"आणि तुम्ही काय बघताय?" ती नवऱ्यावर ओरडली. "फळ्या!"

"होय!" होयबा म्हणाला आणि कपड्यांसकट मोरीत उडी मारली.

फळ्या काढणं सोपं, वाहत्या पाण्यात परत बसवणं नव्हे. पहिली फळी पाण्यानं भिरकावून दिली. होयबानं पाठ लावून पाणी अडवलं, त्याच्या खांद्यावरून पाणी उसळत होतं. तात्यांनी खाचेत फळी घातली, सुनेनं वरून पाय देऊन ठोकली. फटीतून चिळकांड्या उडायला लागल्या. म्हातारी बसल्याजागी काठाचा चिकट चिखल ओंजळीनं खरवडून पुढे सरकवत राहिली आणि तात्या तो फटीत कोंबत राहिले. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. "दे," "इकडे," "अजून," एवढंच. शेवटची फट बुजली तेव्हा चौघांच्याही अंगावर चिखलाशिवाय काही ओळखू येत नव्हतं. तळं अर्ध्याच्या थोडं वर उरलं होतं. आत मासे दाटीनं फिरत होते, पण फिरत होते.

सून धापा टाकत बांधावर बसली. म्हातारी तिच्याजवळ सरकली.

"मी चुकले गं," ती म्हणाली. "तुला त्या पायांनी मोरीत बसलेलं पाहिलं, तरी बोलले नाही. मला माफ कर असं म्हणायलाही तोंड नाही."

सुनेनं आपल्या पदराचा एक कोरडा कोपरा शोधला आणि सासूच्या तोंडावरचा चिखल पुसला, जरा जोरातच.

"माफ काही आज होणार नाही," ती म्हणाली. "गुडघे कसे आहेत?"

---

म्हातारीनं डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं, काही राखलं नाही. त्या चिडल्या, आणि चिडायलाच हव्या होत्या. मग सगळं लिहून घेत म्हणाल्या, "हे आधी कळलं असतं तर मी शोधायला चुकीच्या तळ्यावर गेले नसते." तात्यांच्या माशांचा निकाल आला, एकाच्याही रक्तात खूण नव्हती. पण अर्ध्या दोन्हीकडे राहिलेला होता, म्हणून दोन्हीकडचं बीज यंदा विकायचं नाही, इकडचा मासा तिकडे न्यायचा नाही, आणि कडक उन्हात पाणी तापून गेल्यावर पुन्हा सगळ्यांचं रक्त घ्यायचं, असं ठरलं. हंगाम गेला. होयबा म्हणाला, "होय, पुढच्या वर्षी बघू," आणि शेजारच्या बांधकामावर विटा उचलायला जायला लागला. म्हातारी रोज त्याच्या डब्यात स्वतःच्या हातानं भाकरी ठेवायची आणि त्याच्याकडे बघायची नाही.

अर्ध्याला मात्र न्यावंच लागणार होतं. विषाणू आत दडलाय का ते त्याचे अवयव तपासल्याशिवाय कळणार नव्हतं.

भुलीचं औषध घातलेली बादली हौदाजवळ ठेवली. म्हातारी झोळी न घेताच हौदात उतरली आणि पाण्याखाली हात धरले. अर्ध्या आला. त्याला सवय होती. तिनं त्याला ओल्या फडक्यात घेऊन बादलीत ठेवलं आणि हात काढला नाही.

"यावेळी जास्त औषध आहे, आजी," डॉक्टरबाई हळू म्हणाल्या. "त्याला काही कळणार नाही."

"त्या वेळी मी याला असाच धरला होता. टाकीत. पुढे-मागे हलवत होते." तिचे हात आत्ताही तसेच हलत होते. "मालक आतून विचारायचे, अर्ध्या आहे का गं? आहे म्हणायचे मी. आता कुणाला काय सांगू?"

सुनेनं बाही वर केली, दुसऱ्या बाजूनं बादलीत हात घातला आणि सासूच्या हाताखाली आपला हात ठेवला. दोघी तशाच बसल्या. कल्ले हलायचे थांबले त्यानंतरही थोडा वेळ बसल्या.

त्याच्या आत विषाणू सापडला. एवढासा, दडून बसलेला. पुढल्या उन्हात तो बाहेर पडला असता.

कडक उन्हाळा गेला. पाणी तापलं आणि निवलं, एकही मासा वर येऊन तोंड उघडेना. दुसऱ्यांदा रक्त घेतलं, आणि दोन्ही तळी स्वच्छ निघाली. त्याच दिवशी म्हातारीनं सुनेला सांगितलं, "तुझ्या बापाला बोलाव. पिंप घेऊन या म्हणावं. आपला मासा घेऊन जा म्हणावं."

तात्या आले. सवयीनं बांधावर उभे राहिले, हात मागे, एकात एक अडकवून. तळं मोठं होतं आणि पाणी शेवाळानं हिरवं. होयबा जाळं खांद्यावर टाकून उतरायला निघाला.

"जाळं कशाला?" तात्या म्हणाले. "मासा दमेल उगाच."

ते खाली उतरले, पाण्याच्या कडेला उकिडवे बसले. मग त्यांनी मागचे हात पुढे घेतले आणि सावकाश टाळ्या वाजवल्या. एक. मग जरा थांबून पुन्हा.

तळ्याच्या पार मध्ये पाण्यावर एक रेघ उठली. ती सरळ काठाकडे येत गेली, आणि राजानं तात्यांच्या पायाशी पाण्यातून सोनेरी पाठ वर काढली आणि तोंड उघडलं.

म्हातारी बघत राहिली. मागच्या हंगामापासूनच्या सगळ्या भेटी, सगळे ते मागे बांधलेले हात तिला एकामागून एक दिसत गेले. तात्यांनी एकदा जरी हात वाजवले असते तरी सगळ्यांसमोर तिची चोरी उघडी पडली असती.

"म्हणून हात मागे," ती म्हणाली.

"सवय वाईट असते, विहीणबाई," तात्या राजाच्या डोक्यावर बोट फिरवत म्हणाले. "मासा दिसला की हात आपोआप वाजतात. धरून ठेवावे लागायचे."

सून म्हातारीच्या शेजारी उभी होती. तिनं सासूचा दंड धरला, गुडघ्यांसाठी म्हणून, आणि तिला हळूहळू पाण्याच्या कडेपर्यंत उतरवून आणलं.

"वाजवा, व्याही," म्हातारी डोळे पुसत म्हणाली. "अजून एकदा वाजवा."